पाचही कविता

“माझं नाव तेवढं तासून टाक, तोकुजिरो. कविता राहू दे, फक्कड जमलीये!” तांदळाचे व्यापारी मासुया दारातूनच कुजबुजले. बसलेसुद्धा नाहीत.

त्या वर्षी एदो शहरात सगळेच कुजबुजत होते. शेजारच्या पेठेतल्या एका प्रकाशकाला चित्रातल्या थट्टेपायी पन्नास दिवसांच्या हातकड्या पडल्या होत्या. आणि मी चेरीच्या फळीवर मासुयांच्या कविमंडळाचं छापायचं चित्र कोरत होतो: फुलं बघायला गेलेली मंडळी, आणि वर त्यांच्या पाच कविता, प्रत्येकीखाली कवीचं नाव. मासुयांची बेडकावर होती. बेडूक म्हणजे कोणता मंत्री, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

उठावाची अक्षरं छिन्नीने तासली की कागदावर कोरी जागा उरते. मी तासली. दुसऱ्या दिवशी मंडळातले वैद्यबुवा आले, मग पंखेवाला, मग पंतोजी. सगळे एकेकटे, लपतछपत. कविता मात्र प्रत्येकाला हवीच होती. मोठी माणसं, मी काय बोलणार? चौथं नाव गेल्यावर फळीकडे नीट पाहिलं. पाच कविता, आणि शेवटी एकच नाव उरलेलं. सेइबेई, तोफूवाला.

मी धावतच त्याच्या दुकानात गेलो. “काका, बाकीच्यांनी नावं काढून घेतली. तुमचंही काढतो, नाहीतर सगळं तुमच्या गळ्यात पडेल.”

“हात लावशील तर बघ!” म्हाताऱ्याने ओले हात पुसले. “चाळीस वर्षं तोफू विकतोय. या लोकांनी मला शेजारी बसवलं, माझी कविता ऐकली. अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलंय मी.”

“आणि तो बेडूक?”

“बेडकाचं मी बघतो. तू छापायला दे.”

मी दिली. तेव्हा ती फळी चुलीत का घातली नाही, म्हणून अजून माझाच मला राग येतो.

चित्र निघाल्यावर आठ दिवसांत कोतवालीचा अंमलदार सेइबेईकाकाच्या दुकानात उभा राहिला. मलाही धरून आणलं होतं. बाहेर गर्दीत मासुया होते, खाली मान घालून.

“नाव एकच दिसतंय. पाचही तुझ्याच?” अंमलदाराने विचारलं.

मी तोंड उघडणार, तोच काकाने डोळ्यांनीच मला दटावलं. तो एकदाच बाहेर मासुयांकडे बघून वळला.

“माझ्याच, साहेब,” तो म्हणाला. “शेवटची तेवढी जरा कच्ची आहे.”

ती एकच त्याची होती.