रेघेतली उडी

ठकूच्या बाबाला ठकूचं पाऊल ठाऊक होतं, चाल ठाऊक नव्हती. समुद्रापलीकडच्या बुटांच्या कारखान्यात कातडं कापायच्या कामावर तो गेला तेव्हा ठकू जेमतेम अकरा महिन्यांची होती. खुर्चीला धरून उभी राहायची, हात सुटला की बदकन बसायची. ती चालायला लागली हे त्याला पत्राने कळलं. ते दिवस पत्रांचेच होते. जायला बारा दिवस, यायला बारा, आणि मधली पोस्टाची मर्जी वेगळी.

त्याने उलट टपाली लिहिलं, 'तिचं उजवं पाऊल कागदावर ठेव, भोवती पेन्सिल फिरव आणि पाठव. बूट मी माझ्या हाताने करीन.'

बूट आले, अगदी मापात. ते लहान झाल्यावर दुसरे आले. पण बूट हवे असोत नसोत, दर दोन महिन्यांनी पावलाचा कागद पाठवायचा हा नेमच पडला. 'एका खोलीत आम्ही सहा जण,' त्याने एकदा लिहिलं. 'माझ्या खाटेशेजारच्या भिंतीवर मी पावलं एकावर एक चिकटवली आहेत. ठकू भिंत चढत निघालीय. सोबतचे विचारतात, छतापर्यंत पोचली की काय करशील? मी म्हणतो, तोवर मी घरी असेन.'

पाऊल काढायचं म्हणजे घरात सोहळाच. सासूबाई ठकूला मांडीवर घट्ट धरायच्या, ठकूची आई जमिनीवर बसून पेन्सिल फिरवायची. टाचेपासून सुरुवात, मग करंगळी, बोटांचे डोंगर, अंगठ्याला वळसा. पेन्सिल तळव्याच्या आतल्या बाजूला आली रे आली की ठकू खिदळायची आणि पाय ओढून घ्यायची.

"अहो आई, धरा तिला, रेघ हलली!"

"मी धरून काय होतंय? बापावर गेलीय. त्याचे मोजे काढायचे म्हटलं तरी घर डोक्यावर घ्यायचा."

अशी सहा पावलं गेली. सातवं पाऊल खोटं होतं.

त्याचं असं झालं. एके दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला ठकूच्या आईने न्हाणीघरात पत्र्याच्या टबात कढत पाणी ओतलं आणि गार पाण्याची बादली उचलणार तोच दारातून पोस्टमनने हाक दिली. ती पदराला हात पुसत गेली. एरवी पत्र आलं तरी ती ते कपाटावर ठेवायची आणि ठकू दुपारी झोपली की उघडायची. निष्काळजी नव्हती ती, उलट फारच जपणारी. ठकूला साधी शिंक आली तरी तीनदा कपाळाला हात लावून बघायची. पण त्या दिवशी कोण जाणे का, तिचं बोट लिफाफ्याच्या कडेखाली गेलं.

नेहमीचंच होतं सगळं. ठकूचे दात किती आले, आईचा गुडघा कसा आहे. मात्र दुसऱ्या पानाच्या अगदी तळाशी, जागा उरली म्हणून लिहिल्यासारखी एक ओळ होती: 'तुझा निळा रुमाल चुकून माझ्या सामानात आला असं कळवलं होतं ना, तो चुकून आला नव्हता.'

सोळा महिन्यांत तो तिला ठकूची आई म्हणूनच लिहीत आला होता. ही ओळ ठकूच्या आईला नव्हती, ही तिला होती. ती दारातच उभी राहून एकटीशीच हसली. आणि तिने ती ओळ पुन्हा वाचली.

दुसऱ्यांदा वाचत असतानाच आतून किंकाळी आली.

उजवा पाय घोट्यापर्यंत पोळला होता. डॉक्टर पट्टी बांधताना म्हणाले, "हाडाला काही नाही, नशीब समजा. पण नवी कातडी यायला वेळ लागेल." रिक्षातून घरी आल्यावर सासूबाईंचं जे सुरू झालं ते थांबेना.

"गार आधी, मग गरम. सात वर्षांच्या पोरीलाही कळतं. चार बुकं शिकलीस, त्यातल्या एकातही हे नव्हतं वाटतं?"

सासूबाई जे बोलत होत्या त्याच्या दसपट ठकूची आई स्वतःला मनातल्या मनात बोलून चुकली होती. आणि सासूबाईंना तर अर्धंच ठाऊक होतं. पोस्टमनला दार उघडायला गेले होते, एवढंच तिने सांगितलं होतं. त्या धांदलीत पत्राचं कोणी विचारलं नाही; उघडलेलं पत्र पोलक्यात खुपसलेलं होतं ते तसंच तिने ट्रंकेच्या तळाशी ठेवलं आणि त्या ओळीकडे पुन्हा पाहिलं नाही.

"त्याला मात्र एक अक्षर कळवायचं नाही," सासूबाईंनी बजावलं. "तिकडे धारदार सुरीशी काम आहे त्याचं. हात चुकला म्हणजे? झाकली मूठ सव्वा लाखाची."

पंधरा दिवसांनी पावलाचा कागद पाठवायची वेळ आली. ठकूचा पाय तर पट्टीत, दुधीएवढा जाड. ठकूच्या आईने वही उघडली. मागच्या वेळी पेन्सिल जोरात दाबल्यामुळे खालच्या पानावर पावलाची खाच उमटली होती, उजेडाकडे तिरकं धरलं की दिसायची. तिने त्या खाचेबाहेरून दोन सूत अंतर ठेवून नवी रेघ काढली. मूल वाढतंच, वाढायलाच हवं. कॉलेजात असताना तिच्या प्रॅक्टिकलच्या वह्यांतल्या आकृत्या बाई सगळ्या वर्गाला दाखवायच्या. त्या हाताने पाऊल सुरेख उतरलं. आतल्या बाजूची ती वेडीवाकडी उडी तेवढी दिसायला बरी दिसेना, म्हणून सरळ केली. लिफाफा चिकटवताना तिला वाटलं, चला, एक संकट टळलं. पण चोराच्या मनात चांदणं. पोस्टाच्या पेटीपासून घरापर्यंत ती कोणाच्या नजरेला नजर न देता आली.

ठकूचं दुखणं हळूहळू सरलं, पण एक सवय मागे राहिली. कशालाही शिवायच्या आधी ती हात मागे घेऊन विचारायची, "गलम?" चमच्याला, फरशीला, स्वतःच्या उशीला, खिडकीतून आलेल्या उन्हाच्या पट्ट्याला. "नाही गं राणी, गार आहे," असं ठकूची आई दिवसातून शंभर वेळा म्हणायची.

पट्टी कायमची सुटली त्याच आठवड्यात त्याचं उत्तर आलं. सासूबाई पाटावर भाजी निवडत होत्या. पत्र मोठ्याने वाचून दाखवायचं हा घरचा रिवाज, तेव्हा ती वाचू लागली.

"'सातवं पाऊल पोचलं. एक विचारतो, रागावू नकोस. या वेळी ठकू हसली नाही का?'"

"म्हणजे काय?" सासूबाईंनी मान वर केली.

तिचा आवाज खाली आला. "'सहाही कागदांवर तळव्याच्या आत रेघेने उडी मारली आहे. तिथे तिला गुदगुल्या होतात, माझ्यासारख्या. मी ती उडी रोज बघतो, तेवढंच तिचं हसणं माझ्याकडे आहे. या वेळी रेघ अगदी सरळ आली. माझा दिवस रेघांवर जातो गं, रेघ कुठे थरथरली ते मला कळतं आणि कुठे नाही तेही कळतं. ती आजारी आहे का? काही लपवत असलीस तर करार मोडून येतो, पुन्हा घेतलं नाही तरी चालेल. उलट टपाली कळव. कळेपर्यंत मला सुरी देऊ नका असं मी फोरमनला सांगितलंय, तो मला खोकी मोजायला बसवतोय.'"

पुढे आणखी एक ओळ होती. ती तिने मोठ्याने वाचली नाही. 'रुमालाबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस. लिहायलाच हवं असं नाही.'

सासूबाई भाजीची पुढची जुडी सोडवत म्हणाल्या, "लिही, झोपली होती म्हणून. झोपेत कोण हसतंय?"

उपाय सोपा होता. इतका सोपा, की तिला आपल्याला सुचला नाही याचंच नवल वाटलं. तिने तिथेच कागद घेतला. 'त्या दिवशी ठकू झो' इथवर लिहिलं आणि पेन थांबलं. पलीकडे ठकू फरशीवरच्या पेल्याला विचारत होती, "गलम?"

"मला नाही जमत, आई."

"आता नाही जमत? तेव्हा बरं जमलं! चांगलं सुबक काढलं होतंस की."

"सुबक काढलं म्हणूनच पकडले गेले."

"आणि खरं लिहून काय होणार आहे? तो तिथलं सगळं टाकून येणार. ये म्हणावं! येऊन बघ म्हणावं, घरात दोन-दोन बायका असताना पोर पोळली!"

"दोन कशा, आई? चूक माझी होती."

सासूबाईंनी हातातली जुडी खाली ठेवली. देठ आणि पानं एकत्र झाली तरी त्यांचं लक्ष नव्हतं. "मी इथेच बसले होते ना मटार सोलत. ठकू माझ्यासमोरून गेली आत. मी पाहिलं तिला जाताना. म्हटलं, आई आहे आत."

"तुम्हाला वाटलं मी आत आहे?"

"पोस्टमनची हाक ऐकली होती मी." त्या पदराच्या टोकाशी चाळा करू लागल्या. "तू दाराकडे गेलीस हेही ऐकलं. तरी म्हटलं, येईलच इतक्यात. गुडघा दुखतोय, कशाला उठा. रोज तुला टोचून बोलत होते ना, गार आधी का गरम आधी? नाही बोलले तर मला स्वतःचंच काहीतरी ऐकू यायचं."

सासूबाईंचं असं तोंड तिने कधी पाहिलं नव्हतं. क्षणभर, अगदी क्षणभर, तिला हलकं वाटलं, ओझं दोघींत वाटून घेतल्यासारखं. आणि लगेच त्या हलकेपणाचीच लाज वाटली. वाटा झाला म्हणून ठकूच्या पायावरचा डाग काही निम्मा होणार नव्हता.

"लिही," सासूबाई म्हणाल्या. "माझंही लिही. म्हातारीने पाहिलं होतं म्हणून लिही."

तिने नवा कागद घेतला. टब, कढत पाणी, डॉक्टर, पट्टी, वहीतली खाच, सगळं सरळ लिहीत गेली. सासूबाईंचं त्यांच्याच शब्दांत घातलं. मग त्या ओळीपाशी येऊन अडली.

पोस्टमनकडे गेले होते एवढ्यावर भागलं असतं. खोटं नव्हतं ते. रुमालाची गोष्ट लिहिली तर तो त्याच्या ओळीलाच दोष देणार, आणि पुन्हा कधी तशी ओळ लिहिणार नाही. आणि मनाच्या अगदी आतल्या कोपऱ्यात तिला हेही दिसलं, की त्याला थोडा दोष लागावा असं तिला वाटत होतं. दीड महिना ती एकटी वाहत होती ना! हे दिसल्यावर तर तिला लिहूच नये असं झालं. पण न लिहावं तर तो तिकडे समजत राहणार, रुमालाचं तिला काहीच वाटलं नाही. म्हणजे पुन्हा एक सरळ केलेली रेघच की ती.

शेवटी तिने लिहिलं:

'दारात उभी राहून मी तुझं पत्र वाचत होते. रुमालाची ओळ मी दोनदा वाचली. पहिल्यांदा वाचून आत गेले असते तर ठकूचा पाय वाचला असता. दुसरी वेळ माझी होती, तुझी नाही. तुला हे सांगताना मला बरं वाटतंय, त्याचाही मला राग येतोय. जखम भरली आहे, ती चालते, पळते. डाग राहील असं डॉक्टर म्हणतात. यायचं की राहायचं ते तू ठरव, पण आता खरं कळलंय तेव्हा ठरव. सुरी मात्र हात स्थिर झाल्यावरच घे.'

मग तिने वहीचं कोरं पान फाडून जमिनीवर ठेवलं. सासूबाईंनी ठकूला मांडीवर घेतलं. पाऊल नवीन कातडीने गुलाबी, चकचकीत दिसत होतं, करंगळीपाशी थोडं चुरगळल्यासारखं.

ठकूने पेन्सिल पाहिली आणि पाय आखडला. "गलम?"

"नाही गं राणी. गार आहे. बघ." तिने पेन्सिल आधी स्वतःच्या गालाला लावली, मग ठकूच्या गालाला. ठकूने विचार करून पाऊल कागदावर ठेवलं.

टाच, करंगळी, बोटांचे डोंगर, अंगठ्याला वळसा. पेन्सिल तळव्याच्या आत आली. सासूबाईंनी सवयीने पकड घट्ट केली. पण ठकू हसली नाही. ओठ मिटून, डोळे मोठे करून ती पेन्सिलीच्या टोकाकडे बघत राहिली, पाय इतका स्थिर की कोणाला वाटावं मोठ्या माणसाचा आहे. रेघ सरळ गेली. खरीखुरी सरळ.

आणि टाचेशी, रेघ रेघेला मिळायला बोटभर उरलं असताना, उडी पडली. चांगली ठळक, बाहेरच्या बाजूला.

"हलली का गं ठकू?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही," ठकूची आई म्हणाली. "ठकू नाही हलली."

तिचा हात आपोआप खोडरबराच्या डबीकडे गेला. झाकण उघडलं, आणि तिने ते पुन्हा लावून टाकलं. मग त्या उडीशेजारी बारीक अक्षरात लिहिलं, 'इथे माझा हात हलला,' आणि कागद जसा होता तसा घडी घालून पत्रात ठेवला.