पहिल्या यस्टीची पँट

फाटकी पँट पैसे मोजून घेणाऱ्या पोरांनी मला फॅशन शिकवू नये. विट्यात फॅशन आणली हरिबा शिंप्यानं, तीबी बाहत्तर साली.

इस्टँडासमोर त्याचं 'जवान ड्रेसेस' हुतं. आत माणसाएवढा आरसा. कडेगावची पोरं सायकली हाणत यायची, त्यातली निम्मी नुसती आरशात बघायला. बेलबॉटम शिवावी तर हरिबानंच. रुंद मोहरी सायकलच्या चेनमधी अडकायची, म्हणून पायाला बांधायला दोन रबर फुकट द्यायचा. म्हातारी माणसं म्हणायची, एका पँटीत दोन सदरं निघतील. म्हणू द्या! रजेवरचा फौजी ट्रंक घरी टाकायच्या आधी हरिबाकडं यायचा. तीन मशिनी दिवसभर खडखडायच्या. लय ग्वाड दिवस हुते.

हरिबाची एक रीत हुती. आमी विट्याची माणसं गलाईला, म्हंजी सोनं गाळायच्या धंद्याला, मुलुखभर पांगलेली. दसऱ्याला यायचो चार दिवसांपुरतं. माप देऊन थांबायला सवड कुणाला? म्हणून तो माल आधीच शिवून ठेवायचा. कसला शिवायचा, ते महिनाभर आधी पहिला जो गलाईवाला यस्टीतनं उतरंल त्याची पँट बघून ठरायचं. सहा वर्सं ही रीत एकदाबी चुकली न्हाई.

अठ्ठ्याहत्तर साली पहिला उतरलो मी, जोतीराम. कोईमतूरला दुसऱ्याच्या दुकानात तेजाबापुढं बसायचो. अंगावर चार वर्सांमागची बेलबॉटम, गुडघ्यावर तेजाबानं पडलेलं भोक रफू केलेलं. दुसरी घ्यायची ऐपत नव्हती. तिकडं पोरं कवाच अरुंद पँटी घालाय लागलेली, ते मला रोज दिसत हुतं.

हरिबानं हाताला धरून दुकानात नेलं, च्या पाजला आणि विचारलं, तिकडं अजून हीच चालती का? दहा माणसं ऐकत हुती. गावाला वाटायचं, जोतीराम सोन्यात लोळतोय.

"हीच तर चालतीया," मी म्हणालो. "उलट आणिक रुंद झालीया."

जीभ का झडली न्हाई माझी!

हरिबानं हुतं न्हवतं ते कापड कापलं. दीडशे पँटी शिवल्या. दसऱ्याला गलाईवाले उतरले ते सगळे अरुंद पँटीत. पोरं त्या आरशापुढं उभं राहून हसली आणि तयार कपडे घ्यायला सांगलीला गेली. संक्रांतीपर्यंत दोन मशिनी गेल्या, मग आरसा गेला, मग पाटीबी उतरली.

पुढल्या वर्सी मी गावी आलो तवा हरिबा इस्टँडासमोरच एका दुकानाच्या कट्ट्यावर बसून शाळंच्या चड्ड्या शिवत हुता. मी समोर बसलो आणि सगळं कबूल केलं. त्यानं मशीन थांबवली. माझ्या तोंडाकडं बघितलंच न्हाई. माझ्या गुडघ्यावरच्या त्याच रफूवरनं बोट फिरवलं. मग खांद्यावरचा टावेल माझ्या अंगावर टाकला.

"काढ ती पँट."

तासाभरात त्यानं दोन्ही पाय आत घेऊन, इस्त्री करून पँट माझ्या हातात दिली.

"घाल. आता गावात कुणी हसणार न्हाई तुला."

कानाखाली दिली असती तर सोसलं असतं. मी पँट चढवली. सवयीनं हरिबानं डब्यातनं दोन रबर काढली, माझ्या पायांकडं बघितलं आणि परत डब्यात ठेवली. मी तितंच, भर इस्टँडासमोर, रडलो.