गळती : निरंक

"हे काय आहे?" अण्णांनी ते पुडकं मेलेल्या उंदरासारखं चिमटीत धरलं होतं.

"नमुना," शाईभाऊ म्हणाले. "कारखान्याचा."

"लहान बाळांचा?"

"मोठ्यांचा."

"मोठी बाळं कधीपासून निघाली?" अण्णांनी पुडकं खुर्चीवर टाकलं आणि वर्तमानपत्र उघडलं. त्या घरात याचा अर्थ विषय संपला असा होता.

शाईभाऊ डायपरच्या कारखान्यात तपासनीस होते. सत्तावीस वर्षं त्यांनी एकच काम केलं होतं. डायपर टेबलावर पसरायचा, त्यावर निळं पाणी ओतायचं, घड्याळ बघायचं, मग वर टिपकागद दाबून कागदाचं वजन करायचं. बोटं कायमची निळी झाली आणि नाव पडलं. लग्न ठरताना सासऱ्यांना 'पाण्याच्या चाचणीचं काम' एवढंच सांगितलं होतं. जावई पाणीपुरवठा खात्यात आहे अशी त्यांनी समजूत करून घेतली. नळ कोरडा पडला की ते अजून त्यांनाच फोन करतात.

अण्णा म्हणजे शाईभाऊंचे वडील, शिक्षण खात्यातले निवृत्त अधिकारी. मुलं शाळा सोडून जातात त्याला खात्यात 'गळती' म्हणतात, आणि तीस वर्षं अण्णांनी गळतीवर अहवाल लिहिले. निवृत्तीनंतर हा विषय असा अंगाशी येईल, असं त्यांना वाटलं नव्हतं. आठ महिने ते घराबाहेर पडले नव्हते. कारण विचारलं की "गुडघा" म्हणत. गुडघ्यापायी रोज तीन पायजमे का धुवावे लागतात, हे सूनबाईने कधी विचारलं नाही. भली बाई.

तीन आठवड्यांनी अण्णांच्या जिवलग मित्राचा पंच्याहत्तरीचा सत्कार होता, आणि मुख्य भाषण अण्णांचं. अण्णांनी गुडघा कळवला. मित्राचं उलट टपाली उत्तर आलं : 'भाषण तुला करायचं आहे, गुडघ्याला नाही. तू नसशील तर मी सत्कार घेत नाही.' ती चिठ्ठी अण्णांनी दिवसभरात अकरा वेळा वाचली.

तोडगा सूनबाईने काढला. "अण्णा, यांच्या कारखान्यात नुसतं पाणी ओततात हो. अहवाल म्हणून धड कोणाला लिहिता येत नाही."

वर्तमानपत्र दोन इंच खाली आलं. "रकाने आखलेला तक्ता तरी आहे का?"

"कुठला!"

"तरीच," अण्णा म्हणाले, आणि पट्टी शोधायला उठले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शाईभाऊंच्या हातात सुवाच्य अक्षरातला कागद पडला. 'नमुना क्र. १. स्थळ : वाचनालय. अवधी : पावणेदोन तास. गळती : निरंक. आवाज : आक्षेपार्ह. उठता-बसता चुरचुरतो. ग्रंथपालांनी "इथे चिवडा खाऊ नये" अशी समज दिली. पुन्हा जाणार नाही.'

शाईभाऊ चाट पडले. सत्तावीस वर्षांत त्यांना हा आवाज ऐकू आला नव्हता. टेबलावरचा डायपर कधी उठून उभाच राहत नाही!

त्यांनी कागद मॅनेजरपुढे ठेवला.

"अहो, निम्मा पातळ केला, दुप्पट शोषतो," मॅनेजर म्हणाले. "आता वाजायचंसुद्धा नाही? आवाजाची एक तरी तक्रार आलीय का?"

"कशी येईल साहेब? तक्रार करायची तर आधी वापरतो म्हणून सांगावं लागतं."

मॅनेजरांनी कागद पुन्हा वाचला. बराच वेळ पेनाचं टोपण उघडलं, लावलं.

"आमची आई हल्ली गुडघा म्हणते," ते हळूच म्हणाले.

त्या आठवड्यात बाहेरचं प्लॅस्टिक जाऊन कापडासारखा मऊ थर आला. चाचणीत 'आवाज' हा नवा रकाना आला. शाईभाऊ स्वतः नमुने घालून प्रयोगशाळेत उठाबशा काढू लागले. कसली शिक्षा झाली म्हणून शिपायाने आपुलकीने चौकशीही केली. नमुना क्रमांक चार घरी गेला.

सत्काराच्या दिवशी शाईभाऊ शेवटच्या रांगेत बसले, मांडीवर जादा नमुन्यांची पिशवी घेऊन. अण्णांचं नाव पुकारलं गेलं. सभागृह शांत झालं, नको तितकं शांत. शाईभाऊंनी श्वास रोखून कान टवकारले.

अण्णा उठले. खुर्ची करकरली. बाकी काही नाही. ताठ मानेने ते भरल्या रांगेसमोरून चालत गेले आणि एकही डोकं वळलं नाही.

शाईभाऊंनी पिशवीत हात घालून जे लागलं त्याने डोळे पुसले. शोषण उत्तम होतं.

आठ महिने साठलेलं भाषण सव्वा तास चाललं. सकाळी चहाच्या कपाखाली अहवाल होता :

'नमुना क्र. ४. आवाज : फक्त माझा. गळती : श्रोत्यांमध्ये एकोणीस. अन्यत्र निरंक.'