दोन उलट सूचना

चेतनाला खोकला लागला, तेव्हा शशिकांतला त्यात विशेष वाटलं नाही. राजधानीतला धुरकट नोव्हेंबर होता, लक्ष्मीबाई नगरातली निम्मी माणसं खोकत होती. पण पाचव्या दिवशी ती जिन्यात मधेच बसली आणि म्हणाली, "अहो, जरा थांबा. श्वास पुरत नाहीये."

सात महिन्यांपूर्वी शशिकांतने आपली एक किडनी तिला दिली होती. तेव्हापासून सकाळी नऊ आणि रात्री नऊ या वेळा त्याने एकदाही चुकवल्या नव्हत्या. शरीराने परकी किडनी नाकारू नये, म्हणून प्रतिकारशक्ती दाबून ठेवणाऱ्या त्या गोळ्या. मंत्रालयातली मीटिंग अर्धवट सोडून तो तिला फोन करायचा, "घेतलीस ना?"

हॉस्पिटलात स्कॅन झाला. दोन्ही फुफ्फुसांवर पांढरं धुकं पसरलेलं होतं. डॉक्टरीण बाई फाईलमध्ये त्यातल्याच एका गोळीवर बोट ठेवून म्हणाल्या, "ये वाली गोली आज से बंद."

शशिकांतला वाटलं, आपल्या ऐकण्यात काहीतरी चुकलं. "मॅडम, पर किडनी?"

"पहले फेफड़े."

संध्याकाळी नर्सने सांगितलं की स्टेरॉइड मात्र वाढवलंय. तेही प्रतिकारशक्ती कमीच करतं, एवढं त्याला माहीत होतं. मग एक बंद आणि एक दुप्पट, हे काय गणित? ऑफिसात अशा दोन उलट सूचना आल्या असत्या, तर त्याने फाईल परत पाठवली असती. इथे परत पाठवायची कोणाकडे?

आधी कोणी टीबी म्हणालं, मग कोणी विषाणू. नळी घालून फुफ्फुसातलं पाणी काढलं, त्याचा रिपोर्ट तिसऱ्या दिवशी आला. ती एक बुरशी होती.

"कुठून आली?" त्याने विचारलं. घर तर तो फिनाईलने पुसत होता.

"हवेतून. आपल्या सगळ्यांच्या श्वासात जाते, आपल्याला काही होत नाही," बाईंनी हिंदीत समजावलं. औषध साधंच होतं, सल्फाची गोळी, फक्त मोठ्या डोसमध्ये.

शशिकांत चपापला. ही गोळी तर चेतना आधी रोज घेत होती! याच आजाराला आळा म्हणून. पण तिच्यामुळे रक्तातल्या पांढऱ्या पेशी घसरल्या, म्हणून दोन महिन्यांपूर्वी याच बाईंनी ती थांबवली होती.

"म्हणजे थांबवली ते चुकलं?"

"तेव्हा तेच बरोबर होतं." स्टेरॉइडही फुफ्फुसांची सूज उतरायला वाढवलंय, असं त्या म्हणाल्या. त्याने मान डोलावली. शब्द कळले, पण राग कोणावर काढायचा ते कळलं नाही.

ऑक्सिजनच्या मास्कमधून चेतनाने विचारलं, "काय म्हणाल्या?"

"बिल्कुल ठीक होशील म्हणाल्या."

"ते नाही. मला झालंय काय?"

त्याने दोनदा सांगायला सुरुवात केली आणि दोन्ही वेळा मधेच अडकला. ती हसली, मग तिला खोकला आला.

अठरा दिवसांनी तिला सोडलं. फुफ्फुसं निवळली होती. किडनी थोडी दुखावली होती. बाई म्हणाल्या, "आता इतपतच राहील बहुधा, पण चालेल." किडनीसाठीची बंद केलेली गोळी पुन्हा सुरू झाली, अर्धी.

कॅबचा ड्रायव्हर खोकत होता. काच उघडावी तर बाहेर करडी हवा, बंद ठेवावी तर आत हा खोकला. शशिकांतने काच खाली केली, वर घेतली, पुन्हा खाली केली.

"अहो, एक काय ते ठरवा," मास्क नीट करत चेतना म्हणाली.

"तूच सांग."

"मला तरी कुठे कळतंय?" ती म्हणाली आणि त्याच्या बाजूला सरकून बसली.