सरांनी सांगितलेली आवृत्ती

विम्याच्या कचेरीत सगळे तिला 'भिंगबाई' म्हणायचे. तोंडावर नाही, पण तिला माहीत होतं. लोकांचे दावे तपासणं हे तिचं काम. आग लागली, चोरी झाली, नळ फुटून गालिचे भिजले असं लोक लिहून द्यायचे आणि ही जाऊन बघायची. सोफा आपसूक जळला की जाळला, हे ती दारातूनच ओळखायची. इतकी वर्षं हेच केल्यावर त्याचा स्वभावच होतो. भाजीवाला 'आज टोमॅटो ताजे आहेत' म्हणाला, की तिच्या मनात यायचं, मग कालचे कसले होते?

रेडिओवर सिंफनी लागली की मात्र तिचा हा संशय गप्प बसायचा. लहानपणापासून ती ऐकत आली होती. इतकी माणसं एकाच वेळी काय काय वाजवतात, कोण कोणाला उचलून धरतं, हे एकदा कागदावर बघायचं तिच्या फार मनात होतं. म्हणून सार्वजनिक वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर सिंफनीचे स्कोअर वाचायला शिकवणारा क्लास निघाल्याची पाटी दिसली, तशी तिने तिथल्या तिथे नाव घातलं. स्कोअर म्हणजे सगळ्या वाद्यांची स्वरलिपी एकाखाली एक छापलेलं पुस्तक, एवढंच तिला ठाऊक होतं.

शिकवायला एक साठीचे गृहस्थ होते. जन्मभर ऑर्केस्ट्रात बासून वाजवलेले; खर्जात बोलणारं ते लांबलचक लाकडी वाद्य. त्यांचा आवाजही तसाच होता. पहिल्याच दिवशी त्यांनी खिशातून निळ्या कव्हराचं एक छोटंसं पुस्तक काढलं आणि वर धरलं.

"ही आवृत्ती घ्यायची. मंडईमागे पायऱ्या चढून गेलं की स्वरलिपीचं दुकान आहे, तिथे मिळेल. दुसरी घ्यायची नाही. मोठी मिळेल, स्वस्त मिळेल, तरी नको."

"का बरं?" तिने विचारलं.

"पानं जुळत नाहीत," सर म्हणाले. म्हणाले ते तिच्या कानाशेजारून पलीकडे बघत.

तिने ते टिपलं. नजरेला नजर न देणारा माणूस तिच्या कामात पहिल्या फटक्यात संशयितांत जमा व्हायचा.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात गेली. दुकान चिंचोळं होतं, छतापर्यंत रॅक, मागे एक जाड पडदा. गल्ल्यावर पन्नाशीची बाई, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. तिने तोंड उघडायच्या आत ती बाई म्हणाली, "सरांच्या क्लासच्या ना? मग ही निळी."

"आधी बाकीच्या दाखवा."

दुकानवाल्या बाईने तीन-चार आवृत्त्या काउंटरवर मांडल्या आणि भिंगबाई कामाला लागली. एक जाडजूड पुस्तक होतं, चार सिंफनी एकत्र, जुन्या छपाईवरून पुन्हा छापलेलं. ठसा ठळक, समासात पेन्सिलीने लिहायला भरपूर जागा, आणि किंमत त्या एका निळ्या पुस्तकाएवढीच. खोटही होती. बांधणी लेचीपेची, आणि कितवा बार, म्हणजे तालाचा कितवा खंड, चाललाय त्याचे आकडे कुठेच छापलेले नव्हते. निळीत आकडे होते, सुरुवातीला टिपणं होती, पण ठसा असा बारीक की ओळीत मुंग्या चालल्यात असं वाटावं.

"नुसत्या अभ्यासाला जाडी चालेल ना?" तिने खडा टाकून पाहिला.

"चालेल की. छान आहे. बारचे आकडे काय, आपले आपण घालता येतात."

"मग क्लासला का नाही चालत?"

बाईने चष्मा डोळ्यांवर चढवला, पुन्हा उतरवला. "सरांनी सांगितलंय ना निळी. मग निळीच घ्या."

झालं. कुठेतरी पाणी मुरतंय, ही तिची खात्री पटली. तिने जाडी विकत घेतली आणि मुद्दाम पिशवीतून अर्धी बाहेर दिसेल अशी धरून पायऱ्या उतरली.

क्लासमध्ये तिची पंचाईत होऊ लागली. सर बारचा आकडा कधी सांगायचेच नाहीत. "पान बारा, खालची ओळ, उजवीकडे ओबो वाजायला लागतो बघा," असंच सगळं. तिच्या जाड्या पुस्तकात बाराव्या पानावर भलतंच काही चाललेलं असायचं. तिने दोनदा विचारलं, "सर, बार कितवा?" दोन्ही वेळा तेच उत्तर, "तुम्ही निळी घ्या." फळ्यावर सर काही लिहीत नसत, दुसऱ्याला लिहायला लावत. गृहपाठाचे कागद घेत, पण तपासायला घरी नेत आणि पुढच्या वेळी तोंडीच सांगत. स्वतःच्या हाताने काही लिहायचं नाही, कागदावर काही ठेवायचं नाही. अशी माणसं तिने पुष्कळ पाहिली होती.

शनिवारी ती पुन्हा दुकानात गेली, जुन्या पुस्तकांचं खोकं चाळायचं निमित्त करून. गल्ल्यावर कुणी नव्हतं. पडद्याआडून त्या बाईचा आवाज येत होता.

"दादा, नीट ऐक. चव्वेचाळीसला दोन. पंचेचाळीसला एकच, पण भरगच्च."

"आणि सेहेचाळीसला?"

"सेहेचाळीसला परत दोन."

"बरं झालं. मला वाटलं तिथे कमी असतील."

दुसरा आवाज सरांचा होता, त्यात शंकाच नाही. तिच्या हातातलं पुस्तक तिने आवाज न करता खोक्यात ठेवलं आणि चोरपावलांनी पायऱ्या उतरली. दोन काय, एक काय? कुणाच्या नावावर किती प्रती खपल्या, त्याचा हिशेब. आणि म्हणे दादा! लाडीगोडी तरी किती!

घरी आल्यावर तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो इस्त्री करत होता.

"अगं, संगीत शिकायला गेलीस की धाड घालायला?" तो म्हणाला.

"सर हिस्सा खातात. तू बघच."

"खाईनात का. तुला शिकवतायत ना?"

"प्रश्न त्याचा नाही."

"मग कशाचा आहे?" त्याने विचारलं, पण ती तोवर फोन लावायला गेली होती.

फोन लावला क्लासमधल्या ड्रायव्हरकाकांना. हे निवृत्त बसचालक, तिच्याच बाकावर बसणारे, मनाने सरळ, पण पोटात काही राहत नसे. पुढच्या मंगळवारपर्यंत क्लासभर कुजबूज झाली होती. तिघाचौघांनी निळी पुस्तकं घरी ठेवून जाडी आणली होती. सर आत आले तेव्हा सगळे एकदम गप्प झाले. सरांना ते जाणवलं असावं. ते जरा दारातच थांबले.

"पान चव्वेचाळीस काढा," ते म्हणाले. "इथे दोन ओळी आहेत. खालच्या ओळीत बासून एकटाच वाजतो, ती जागा बघा."

तिला ते शब्द ओळखीचे वाटले, पण डोक्यात दुसरंच घोळत होतं. ती उठली, आपलं जाडं पुस्तक सरांच्या टेबलावर ठेवलं, उघडलं.

"सर, आमच्यातल्या बऱ्याच जणांकडे ही आहे. संगीत तर तेच ना? यात ती बासूनची जागा दाखवा, म्हणजे आम्हालाही कळेल."

सरांनी पुस्तकावर हात ठेवला. मान थोडी डावीकडे वळवली, मग उजवीकडे. एक पान उलटलं, दुसरं उलटलं, चार पानं एकदम मागे घेतली. बोट कागदावरून सरकत गेलं आणि एका जागी थांबलं.

"ही इथे," ते म्हणाले.

त्यांचं बोट शीर्षकाच्या पानावर होतं. तिथे मोठ्या अक्षरांत सिंफनीचं नाव होतं आणि खाली सगळं कोरं.

मागून कुणीतरी फिसकन हसलं. ती मात्र सरांच्या चेहऱ्याकडे बघत होती, इतक्या जवळून पहिल्यांदाच. त्यांची नजर तिला चुकवत नव्हती. ती तिच्यापर्यंत पोहोचतच नव्हती. समोरचं दिसावं म्हणून ते मान तिरकी करून डोळ्यांच्या कडेने शोधत होते. चव्वेचाळीसला दोन, पंचेचाळीसला एक. कोणत्या पानावर सगळ्या वाद्यांची मिळून एक, अशा किती ओळी छापल्यात, हे कुणीतरी त्यांना वाचून दाखवत होतं आणि ते पाठ करत होते. तिला तोंडात मारल्यासारखं झालं.

"हो, हो, इथेच," ती घाईने म्हणाली. "सापडली, सर."

"अहो, पण इथे तर नुसतं नाव..." ड्रायव्हरकाका मान पुढे काढून म्हणाले.

"सापडली म्हटलं ना!" ती खेकसली आणि पुस्तक मिटलं. आजवर तिने एकही खोटा दावा पास केला नव्हता.

सरांनी टेबलाची कड चाचपली. "आज इथेच थांबू या," ते म्हणाले आणि छत्री विसरून निघून गेले.

सकाळी कचेरीत उशिरा येते असं कळवून ती दुकानात पोहोचली. दुकानवाली बाई शटर वर करत होती. हिला बघून तिने हात थांबवला नाही.

"झालं समाधान?"

"माझं चुकलं."

"दोन वर्षं झाली," बाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे ऐकणं आणखी अवघड जात होतं. "मधलं दिसत नाही त्याला, कडेकडेचं दिसतं. चालतो, बस पकडतो, पण छापलेलं अक्षर दिसत नाही. ती निळी आवृत्ती त्याने जन्मभर वापरली, पान न् पान डोळ्यांपुढे उभं राहतं त्याच्या. जे विसरला असेल ते शनिवारी मी वाचून दाखवते. माझा सख्खा भाऊ आहे तो."

दादा. ती लाडीगोडी नव्हतीच.

"वाचनालयात सांगितलं असतं तर क्लास दिला असता का कुणी? डोळे गेलेला माणूस कागद वाचायला शिकवणार म्हटल्यावर? आणि तुम्ही काय उठवलंत, तर आम्ही हिस्सा खातो. तुमच्या क्लासच्या मूठभर प्रती विकून मी काय माडी बांधणार होते?"

"मला निळी द्या," ती खालमानेने म्हणाली.

"संपल्या."

बाईच्या पाठीमागच्या रॅकवर निळ्या पुस्तकांची अख्खी रांग दिसत होती.

"दे गं तिला," पडद्यामागून आवाज आला. सर बाहेर आले. घरच्या कपड्यांत ते जरा लहान वाटत होते. "काल माझं बोट कुठे होतं?"

"शीर्षकावर."

"मग सापडली असं का म्हणालात?"

"लोक हसत होते."

"ते तसेही हसलेच. वर मला तुमची दया घेऊन घरी जावं लागलं." ते थांबले. "तुम्हाला शंका होती, तर एकटीने येऊन मला विचारायचं. मी कदाचित सांगितलंही नसतं. पण विचारायचं."

"हो," ती म्हणाली.

मंगळवारी सर येतील असं तिला वाटत नव्हतं. ती लवकर जाऊन बसली, दाराकडे बघत. मनात नाना शंका. क्लास रद्द झाला असेल, वाचनालयाला कुणी कळवलं असेल, काका कुठे काय बोलले असतील. सर वेळेवर आले. उभ्याउभ्याच त्यांनी सांगितलं, की आपल्याला छापलेलं वाचता येत नाही, संगीत मात्र सगळं डोक्यात आहे, ज्यांना जायचं असेल त्यांनी खुशाल जावं. दोघं उठून गेले, त्यातला एक तोच हसणारा. तिनेही मग उठून सगळ्यांसमोर सांगितलं, की हिश्श्याची बातमी तिची होती आणि ती साफ खोटी होती. काकांनी तिच्यासाठी बाकावर थोडी जागा केली.

वाचनालयाच्या व्यवस्थापकांनी हे सत्र पुरं होऊ दिलं. पुढचं मात्र जाहीर केलं नाही, आणि कारणही दिलं नाही. ते तिला विचारायचं होतं. दोनदा ती त्यांच्या दारापर्यंत गेली, पण सर म्हणाले, "राहू दे."

उरलेले आठवडे त्यांनी वेगळ्या तऱ्हेने शिकवलं. कुणाकडे निळी, कुणाकडे जाडी, काकांकडे तर दुकानातल्या खोक्यातली कुणाची तरी रंगीत खुणांनी भरलेली जुनी प्रत. एकाने कागदावर काय दिसतं ते मोठ्याने सांगायचं, "वर बासरी, खाली शांतता, मग हॉर्न," आणि सरांनी ते गुणगुणून दाखवायचं. काका बसच्या थांब्यांसारखी वाद्यांची नावं पुकारायचे. हळूहळू सगळ्यांना आपापल्या पुस्तकात जागा सापडू लागल्या.

सत्र संपल्यावरही ती पुस्तकं घ्यायला त्याच दुकानात जात राहिली. दुकानवाली बाई मागितलं ते पुस्तक काढून द्यायची, किंमत सांगायची, सुटे पैसे तिच्या हातावर न देता काउंटरवर ठेवायची. कोणती आवृत्ती बरी, हे तिने पुन्हा कधी आपण होऊन सांगितलं नाही. कधी पडद्याआडून तो खर्जातला आवाज आला, तर भिंगबाई रॅकपाशी जरा जास्त वेळ रेंगाळायची. आत मात्र तिला कुणी बोलावलं नाही.