अडतीस फुटांवरचं नाव

रोहिणीने ओंजळीतला दगड उन्हात धरला आणि त्यावर हलकेच फुंकर घातली. काळ्या खडकाच्या पोकळीत पांढरा केसाळ गोळा बसला होता, नुकत्याच फुटलेल्या बोंडातल्या कापसासारखा. शहाद्याच्या कॉलेजात ती भूशास्त्र शिकवायची, पण हे ओकेनाइट खनिज तिने तोवर पुस्तकातच पाहिलं होतं. आणि ते सापडावं कुठे, तर म्हसावदच्या वरच्या अंगाला, तिच्याच वडिलांच्या नव्या विहिरीत, अडतीस फुटांवर.

कॉलेजच्या संग्रहालयासाठी तिने तक्ते छापून घेतले होते. स्थानिक नाव, अर्थ, वापर, नमुना कुठे ठेवला, असे रकाने. लोकांकडून नावं काढून घेण्यात तिचा हातखंडा होता. गुलाबसिंग मात्र बधत नव्हता. धडगावकडचा हा पावरा आदिवासी माणूस तीस वर्षं विहिरी खोदत आला होता. तो खाली उतरायचा आणि त्याची बायको कालीबाई वर यारी फिरवून दगड काढायची.

"गुलाबसिंगभाऊ, तुम्हनाकडे याले काय म्हनतस?"

"नाव शे ना, ताई." तो हसला. "पन तिन्हा दारमा बठीसन तिन्हं नाव लेतस नही. ती सरकनी, पानी लागनं, का मंग लेतस."

"आनि नही लागनं तर?"

"लागी," तो म्हणाला, आणि बिडी पेटवायला वळला.

बांधावरून तिचे वडील, नवनीत पाटील, हे ऐकत होते. त्यांचा धीर केव्हाच सुटला होता.

"चाळीस फूट व्हई गयात, निरा दगड शे. सकायपशी काम बंद. बोरवाल्याले सांगी दिधं."

गुलाबसिंगने वाद घातला नाही. त्याने नुसतं उपसलेल्या दगडांच्या ढिगाकडे बोट दाखवलं. रोहिणी तिकडे गेली. ढिगाच्या तळचे, आधी निघालेले दगड घट्ट, गुळगुळीत होते. गेल्या दोन दिवसांतले मात्र सगळे अनारशासारखे जाळीदार. भोकं पडलेल्या खडकात पाणी मुरून राहतं, हे ती दरवर्षी फळ्यावर लिहीत आली होती. दोन दिवस हेच दगड तिच्या पायाखाली होते आणि ती पांढऱ्या गोळ्याचे फोटो काढत बसली होती. तिला स्वतःची लाज वाटली.

"आप्पा, आखो चार दिन खंदू द्या."

"आनि काहीच नही निंघनं तर?"

"तर मन्ही चूक. मंग बोरवाल्याले बलावा."

चौथ्या दिवशी दुपारी पहारीचा आवाज थांबला. मग खालून गुलाबसिंगचा आवाज आला, मोठा पण निवांत, घरातल्या माणसाला हाक मारावी तसा.

"पानीडोकरी."

कालीबाईने यारी अडकवली आणि पदर डोक्यावर घेतला.

"कोन डोकरी?" नवनीत विचारू लागले. "काय म्हने तो?"

"पानी लागनं, आप्पा."

पाटलांचा विश्वास बसेना. बादली वर आली तेव्हा त्यांनी गढूळ पाण्यात हात बुडवला, तोंडावरून फिरवला आणि बराच वेळ तो पुसला नाही.

कालीबाई रोहिणीपुढे येऊन उभी राहिली. तिने तळहात पुढे केला.

"तिन्हं घर आमू फोडं," ती म्हणाली. "आते तिले तठेच जागा देनी पडी."

रोहिणीच्या हातात पिशवी होती आणि पिशवीत कापसात गुंडाळलेला तो दगड. प्राचार्यांना फोन करून झाला होता. दाराजवळच्या काचेच्या कपाटात वरचा कप्पाही रिकामा करून ठेवला होता. असा नमुना पुन्हा मिळेल, असं तिला मुळीच वाटत नव्हतं. तिने दगड कापसातून सोडवला, एकदा डोळे भरून पाहिला आणि कालीबाईच्या हातावर ठेवला. टोपलीत बसून तो खाली गेला.

संध्याकाळी तिने तक्ता पुढे ओढला. नावाच्या रकान्यात पाणीडोकरी लिहिलं. अर्थाच्या रकान्यात लिहिलं, पाण्याच्या दारात बसलेली पांढऱ्या केसांची म्हातारी. वापराच्या रकान्यात, पाणी लागल्यावर, एकदाच. नमुना कुठे ठेवला, या शेवटच्या रकान्यापाशी ती अडली. उठून बांधापर्यंत गेली, गुलाबसिंगला दोन गोष्टी विचारून आली आणि मग न खोडता, सुवाच्य अक्षरात लिहिलं:

नवनीत पाटलांची विहीर, अडतीस फूट, पूर्वेचा कोनाडा. पाण्याखाली.