नंबर खोक्यात आहे

आमच्या घरातलं सगळं बाबांच्या नंबरवर. गॅस, वीज, दवाखाना, आईचा चष्मासुद्धा. आईला पाठ असलेला जगातला तो एकच नंबर. बाबा गेल्यावर दोन महिन्यांनी त्यांचा फुटलेला फोन दुरुस्तीला पाठवला, तेव्हा कुरियरच्या अर्जावर तिने बाबांचं नाव आणि तोच नंबर लिहून टाकला. सिमकार्ड काढून ठेवा, असं दुरुस्तीवाला म्हणाला होता. पण सिम काढणं हे बाबांचं खातं, त्यामुळे ते आतच राहिलं.

फोनमध्ये होतं काय, तर किराणा. आई स्वयंपाकघरातून यादी सांगायची आणि लिहायचा कंटाळा म्हणून बाबा ती रेकॉर्ड करून न्यायचे. तिच्या प्रत्येक जिनसेनंतर त्यांचं एक ‘हं’. व्हिडिओ-बिडिओची हौस आमच्याकडे कुणालाच नव्हती, त्यामुळे बाबांचा आवाज दुसरा कुठेच नाही. आईला तो ‘हं’ हवा होता, बाकी काही नको.

सोमवारी पार्सल घेऊन जो आला त्याला आम्ही हेल्मेट म्हणतो, कारण पन्नाशीचा तो माणूस दारातही हेल्मेट काढत नाही.

“कोड सांगा, ताई. नंबरवर आलाय.”

“तो नंबर ह्या खोक्यात आहे.”

“मग खोकं उघडावं लागेल.”

“उघडा ना.”

“कोडशिवाय उघडता येत नाही.”

तो पार्सल घेऊन निघून गेला. मी कुरियर कंपनीला फोन लावला. पाऊण तास वाजंत्री ऐकली. मग एक बाई अगदी गोड आवाजात म्हणाल्या, नंबर बदलून मिळेल, त्यासाठी जुन्या नंबरवर कोड पाठवते. मी म्हटलं, पाठवा, खोक्याला वाचता येत असेल तर बघू. त्या म्हणाल्या, आपल्याला आणखी काही मदत हवी आहे का? मंगळवारी पुन्हा तेच. बुधवारची फेरी तिसरी आणि शेवटची. त्यानंतर पार्सल गोदामात जातं, आणि तिथून काही परत आल्याचं हेल्मेटनेही ऐकलं नव्हतं.

खरं सांगायचं तर मला फारसं काही वाटत नव्हतं. बाबा गेल्यापासून मी जेवत होते, ऑफिसला जात होते, भांडत होते. आईही तशीच. भेटायला आलेल्यांना तीच पाणी द्यायची. आत्या तर म्हणालीही, किती खंबीर आहात गं दोघी. खंबीर कसलं डोंबलाचं, बधिर होतो.

बुधवारी हेल्मेट पार्सल हातात घेऊन वर आला. “शेवटचा पाठवतो,” म्हणाला आणि त्याने बटण दाबलं.

खोक्यात टिंग वाजलं.

दुरुस्तीवाल्याने फोन चालू करून बघितला असणार आणि बंद करायचा विसरला असणार. आम्ही दोघं खोक्याकडे बघत राहिलो. आतून, ओट्यापाशी काम करता करता, आई नेहमीच्या आवाजात म्हणाली, “अहो, मेसेज आलाय.”

मग तिचा नळ बंद झाला.

“ताई, हे जरा धरा,” हेल्मेट म्हणाला. “हेल्मेट काढतो. पट्टा टोचतोय.”

पार्सल माझ्या हातात देऊन तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि पट्ट्याशी खटपट करू लागला. एक पट्टा सोडवायला इतका वेळ लागलेला मी कधी बघितला नाही. मी किल्लीने चिकटपट्टी फाडली. आई हात पुसत बाहेर आली, फोन लांब धरून तिने चार आकडे एकेक करून वाचले.

“कोणी घेतलं?” हेल्मेटने त्याच्या यंत्रात बघून विचारलं. टक्कल होतं त्याला. “दुसरं कुणी टाकलं तर ओळखपत्र मागतं. ‘स्वतः’ टाकतो, काकू.”

“टाका,” आई म्हणाली.

तो गेल्यावर आम्ही खुर्च्या ओढून बसलो. शेवटचं रेकॉर्डिंग बाबा फोनसकट कोसळले त्याच सकाळचं होतं. साबण. हं. मीठ. हं. काडेपेटी दोन. हं. कांदे दोन किलो.

“दीड पुरे,” बाबा म्हणाले.

“दोन म्हटलं ना.”

“सडतात गं. दीड.”

“तुम्हाला सांगून उपयोग नाही.”

“हं.”

तेवढ्यात स्क्रीनवर कुरियर कंपनीचा मेसेज आला. आपण पार्सल स्वतः स्वीकारलंत, अनुभव कसा होता, तारे द्या. मी एकावर बोट नेलं.

“पाच दे,” आई म्हणाली. “ते पाचच द्यायचे.”

मी पाच दिले. आईने रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. मग आणखी एकदा. तिचे डोळे कोरडेच होते, माझेही. शेवटी तिने फोन बाबांच्या जागी, खिडकीत, उताणा ठेवला आणि दारामागच्या खिळ्यावरची पिशवी चाचपून काढून माझ्या हातात दिली.

“कांदे संपलेत. घेऊन ये.”

“किती?”

तीस वर्षं ती दोनवर अडून बसली होती.

“दीड,” आई म्हणाली.

मी चपला घातल्या, खाली उतरले आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून रडले.